तीस मिनिटांची खोटी नोंद

आमच्या रक्तविभागात सगळे त्यांना घड्याळबाई म्हणत. नाव मीच ठेवलं होतं, रागाच्या भरात. मी फ्रीझर सांभाळणारा. पाच-दहा मिनिटं इकडची तिकडे झाली तर मला चालायचं, बाई मात्र दारातूनच मनगटावर बोट आपटायच्या. त्यांचा नियम सोपा होता. काढलेलं रक्त अर्धा तास उभं ठेवायचं, ते गोठलं की यंत्रात गरगर फिरवायचं आणि वर आलेलं पिवळं पाणी छोट्या कुप्यांत भरून माझ्या थंडीत ठेवायचं. त्या पाण्यात प्रथिनं असतात. अंतराळात राहून आलेल्या माणसाची कोणती प्रथिनं वाढली, कोणती घटली, हे त्यावरून कळतं. पण गोठलेलं रक्त तासन्‌तास तसंच पडून राहिलं, तर त्यातल्या पेशीच आपल्याकडची प्रथिनं त्या पाण्यात सोडतात आणि आकडा भलताच फुगतो. बावीस वर्षांत बाईंच्या हातून असं एकदाही झालं नव्हतं. त्याचा त्यांना ताठा होता, आणि का नसावा?

त्या दुपारी तिघं अंतराळातून खाली उतरले. डॉक्टर आणि नर्स दोघांकडे धावले, तिसरा बाईंच्या वाट्याला आला. आम्ही त्याला लंबू म्हणायचो. सहा महिने वर काढून तो आणखी बोटभर उंच होऊन आला होता. बाईंनी रक्त काढलं, नळी टेबलावरच्या स्टँडमध्ये उभी केली, तेवढ्यात लंबू ओकला. बाई धावत खाटेपाशी आल्या, तसं घामानं निथळत त्यानं त्यांचं मनगट घट्ट पकडलं.

"सोडू नका," तो म्हणाला. "सगळं फिरतंय. सोडलंत तर पडेन मी."

खाटेवर आडव्या झालेल्या माणसानं आणखी कुठे पडायचं? पण बाई बसल्या. दोन-तीनदा हाका मारल्या, कोणी आलं नाही. नळी समोर, सहा पावलांवर. त्याला झोप लागून पकड सुटली तेव्हा दोन तास दहा मिनिटं झाली होती.

उतरल्या दिवशीचं रक्त पुन्हा मिळत नाही. दुसऱ्या दिवसापासून शरीर सावरायला लागतं. खरी वेळ लिहिली असती तर ती नळी बाद झाली असती, आणि बाईंची बावीस वर्षंही. त्यांनी आपल्या वहीत लिहिलं, तीस मिनिटं.

रक्त किती वाजता काढलं ते बाईंच्या वहीत होतं, कुप्या किती वाजता आल्या ते माझ्या वहीत. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या असत्या तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण घड्याळबाईंची वही कोण तपासणार? मी पाहिलं आणि मूग गिळून बसलो.

तीन आठवड्यांनी आकडे आले. रक्ताची गुठळी होण्याशी संबंध असलेली प्रथिनं लंबूच्या रक्तात चौपट झाली होती. बाकी दोघांची जवळपास पहिल्यासारखीच. मोठ्या डॉक्टरांनी त्याचं पुढचं उड्डाण थांबवलं. वर गुठळी झाली तर उपचार कोण करणार? त्यांचं तरी काय चुकलं?

मग लंबू दर आठवड्याला रक्त द्यायला येऊ लागला. दर वेळी आकडा ठीक यायचा, आणि दर वेळी डॉक्टर विचारायचे, "मग उतरल्या दिवशीचं काय?" माणूस खंगत चालला. रोज सकाळी उठल्या उठल्या पोटऱ्या चाचपून बघायचा. मुलीला कडेवर घेऊन जिना चढणं सोडलं होतं, मध्येच आपल्याला काही झालं तर म्हणून. बाईंना विचारायचा, "तुम्ही इतक्यांचं रक्त बघितलंत. माझ्यातच काही वाईट आहे का हो?"

दुपारी बाई जेवणाचा डबा उघडायच्या आणि न खाता तसाच बंद करायच्या. एकदा त्यांनी मला फ्रीझरपाशी गाठलं.

"तुम्हाला माहितेय ना?"

"माहितेय."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुम्ही बोलाल."

खोटं होतं ते. माझी पाचावर धारण बसली होती, दुसरं काही नाही.

अकराव्या आठवड्यात त्या डॉक्टरांकडे गेल्या. ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या आणि सांगून टाकलं. मी दाराशी उभा होतो. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी लंबूचा आकडा खोडला, चष्मा काढला आणि म्हणाले, "त्याच्या जागी दुसरा परवाच वर गेला. पुढची तुकडी चार वर्षांनी. तोवर हा वयात बसणार नाही."

लंबूला सांगायचं काम बाईंनी कोणाला करू दिलं नाही. तो नेहमीसारखा बाही वर करून बसला होता. बाईंनी सगळं सांगितलं, त्या दोन तासांसकट.

"तुम्ही हात धरून ठेवला होता माझा," त्या म्हणाल्या. "आठवतं ना?"

"नाही. त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मला वाटलं, आता हा उठून जाईल. तो जागचा हलला नाही.

"म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"नाही."

"कधीच नव्हतं?"

"कधीच नव्हतं."

त्यानं हसायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही. मग हात टेबलावर ठेवून म्हणाला, "घ्या रक्त. वेळ तेवढी खरी लिहा."