अडकित्तेवाले सर

आमच्या इंग्रजीच्या सरांच्या खिशात एखाद्या दिवशी पेन नसायचं, पण अडकित्ता नाही असं कधी झालं नाही. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला आफ्रिकी कादंबरी होती. पहिल्या तासाला पुस्तक न उघडताच त्यांनी टेबलावर मूठभर सुपाऱ्या ठेवल्या. म्हणाले, "तिकडं इग्बो लोकांच्या घरी पाहुणा आला की कोला फोडतात. कोला म्हंजे सुपारीसारखं एक कडू फळ. एकाचे तुकडे सगळ्यांनी खायचे, मंग बोलायचं. कोला काही जालन्यात मिळायचा न्हाई, सुपारीवर भागवा." मग त्यांनी कटाकटा सुपारी कातरली आणि बाकाबाकावर जाऊन वाटली.

मी माझा तुकडा खाल्ला नाही. सर आमच्याच कुंभार पिंपळगावचे, बौद्ध वस्तीतले. आमचं घर गावातलं जुनं जमीनदार. कॉलेजला जाताना आईनं बजावलं होतं, "शिकायचं तेवढं शिक, पण त्यांच्या हातचं तोंडात घालू नको." सर फळ्याकडे वळले तेव्हा मी तो तुकडा खिडकीबाहेर टाकला. कोणी पाहिलं नाही म्हणून जरा खूशही झाले.

सरांचं शिकवणं मात्र झकास होतं. याम म्हणजे काय हे वर्गात कोणालाच ठाऊक नव्हतं, तर अंबडच्या बाजारातून भलामोठा सुरण काखेत मारून आले. "ह्याचा लांबडा भाऊ समजा. ज्याचं कोठार यामनं भरलं, तो गावात मोठा. आपल्याकडं ज्वारीच्या पेवाचं तेच होतं." कादंबरीतली प्रत्येक म्हण घरच्या एखाद्या म्हणीला जोडून आणायची, हा त्यांचा गृहपाठ. मी आईला विचारून म्हणी न्यायचे, आणि असलं कसलं इंग्रजी, म्हणून ती हसायची. सर म्हणायचे, "साहेबानं त्यांना सांगितलं, तुम्हाला अक्कल न्हाई, आम्ही देतो. मंग एवढ्या म्हणी काय झाडाला लागल्या होत्या?"

पुढे कादंबरीत मिशनरी आले, कोर्टकचेरी आली, बाप आणि मुलगा एकमेकांना परके झाले. मला रडू आवरेना. उठून म्हणाले, "सर, किती चांगलं गाव होतं. गोऱ्यांनी मोडलं."

"मोडलं, बिलकुल मोडलं. मलाबी वाईट वाटतं," सर म्हणाले. "पण चर्चमधी आधी कोण गेलं, ते वाच."

मी वाचलं. ओसू गेले होते. देवाला वाहिलेले म्हणून पिढ्यानपिढ्या वेगळे ठेवलेले लोक. त्यांनी फोडलेला कोला बाकीचे कोणी खात नसत, हे सरांनी सांगितलं. मग शांतपणे म्हणाले, "ज्याला गावात बसायला जागाच न्हाई, त्यानं गाव मोडल्यावर किती रडावं?" मी खाली बसले. तासभर माझी मान वर झाली नाही.

पुढे मीही प्राध्यापक झाले, राजूरकडच्या एका कॉलेजात. तो तुकडा मात्र मनातून जाईना. सर फार आजारी आहेत असं कळलं तेव्हा वाटलं, आता नाही सांगितलं तर राहूनच जाईल. गेल्या दिवाळीत त्यांच्या घरी गेले. सर खाटेवर होते, दात सगळे गेलेले. बसल्या बसल्या मी सांगून टाकलं, "सर, पहिल्या तासाची सुपारी मी फेकली होती."

"ठाऊक हाय मला. दरसाल दोन-तीन तुकडे खिडकीखाली सापडायचेच. शिपाई यायच्या आत मीच वेचून घ्यायचो. त्यानं पाहिलं असतं तर गावभर केलं असतं. लेकरांना मान वर करायची चोरी झाली असती."

"तुम्हाला राग नाही आला?"

"यायचा की. मंग पुढल्या साली जरा बारीक कातरायचो. म्हणलं, गिळायला तरी सोपी जाईल."

मी रडत होते आणि सर उशाखाली अडकित्ता शोधत होते. त्यांनी एक सुपारी कातरली. मी माझा तुकडा चावून चावून खाल्ला. त्यांनी त्यांचा नुसता गालात धरला. निघताना त्यांनी अडकित्ता माझ्या हातात दिला. "तिकडं बाईमाणसानं कोला फोडायचा न्हाई असा रिवाज हाय. तेवढा आपण घ्यायचा न्हाई. तू फोड."

सर माघात गेले.

यंदा पहिल्या तासाला मी सुपारी कातरली. हा अडकित्ता कोणाचा, ते सरांचं नाव, आडनाव, वस्ती सगळ्यासकट सांगितलं आणि मगच वाटली. तास सुटल्यावर शिपाई झाडायला यायच्या आत मागच्या बाजूला गेले. खिडकीखाली एक तुकडा पडला होता. तो उचलून पर्समध्ये टाकला. पुढच्या वर्षी जरा बारीक कातरीन.