खिचडीवर आलेला आळ

तिने खिचडीचं ताट अंगणवाडीच्या पायरीवर उपडं केलं, त्या क्षणी मी ठरवलं, हिला सोडायचं नाही.

म्हशापासून थोडं आत आमचं गाव आहे. तिथल्या अंगणवाडीत मी एकोणीस वर्षं सेविका आहे. ती बाई माझ्याच आळीतली. तिची मुलगी चार वर्षांची, दिवसभर उड्या मारणारी, बडबडगीतं म्हणताना सगळ्यांत वरचा आवाज लावणारी. पावसाळा सरता सरता त्या मुलीला रात्री उलट्या व्हायला लागल्या. झोपेतून उठायची, दोन-तीनदा भडाभडा ओकायची आणि परत झोपायची. सकाळी काहीच नाही. चहा-चपाती खाऊन अंगणवाडीत हजर. महिनाभरात आणखी तीन मुलांचं तसंच सुरू झालं. ताप नाही, जुलाब नाही. दिवसा ठणठणीत, रात्री उलटी.

चारही मुलं माझ्याकडे जेवत होती. लोकांना एवढं पुरलं.

"ताई, काय घालता पोरांना? अळ्या पडलेला तांदूळ?" ती पायरीवरून ओरडली. "माझी पोर रातभर ओकते."

"दुपारी खाल्लेलं मध्यरात्री कसं बाधेल?"

"तुमी मला नका शिकवू. डाक्टरनी सांगितलंय, खिचडीनंच होतंय."

कोणता डॉक्टर, हे विचारायचंही मला सुचलं नाही. माझे कान तापले होते. तिने तेवढ्यावर सोडलं नाही, सह्या गोळा करून तक्रार दिली. सुपरवायझर मॅडम आल्या, तांदूळ-डाळ पिशवीत भरून तपासायला घेऊन गेल्या आणि तोवर चूल बंद ठेवा म्हणाल्या. नळावर मी गेले की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. माझी मदतनीससुद्धा माझ्याशी बोलताना दाराकडे बघायची.

अंगणवाडीत पोरं उरली ती फक्त गावाबाहेरच्या वाडीतली. त्यांचे आईबाप वीटभट्टीवर गेलेले. एक म्हातारी दोन नातवंडांना घेऊन यायची. चूल थंड बघून ती म्हणाली, "बाय, आमची पोरं तर दोन-दोनदा घेऊन खायची. त्यांना कशी नाय झाली उलटी?"

मी हजेरीचं पुस्तक उघडलं. ज्या मुलांना उलट्या होत होत्या, ती चारही बऱ्या घरची होती. खिचडी सगळ्यांची सारखी. मग या चौघांच्याच घरात असं काय होतं?

दुसऱ्या दिवशी ती मुलगी दुकानापाशी भेटली. मी सहज विचारलं, "रात्री जेवल्यावर काय खातेस गं?"

"दूध. आणि डाक्टरकाकाचं ताकदीचं औषध. दोन झाकणं."

संध्याकाळपर्यंत मी बाकीच्या तीन मुलांनाही विचारून घेतलं. चौघांच्या घरी तीच बाटली, चॉकलेटी पातळ औषधाची, वर नावाची चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. शहापूरच्या रस्त्यावर एका खोलीत एक माणूस बसायचा, तो द्यायचा. आणि त्या आया त्याच्याकडे का गेल्या होत्या? वजनाच्या दिवशी मीच त्यांना सांगितलं होतं, तुमच्या मुलाचं वजन कमी भरतंय. ते मला आजही टोचतं.

मी तेव्हाच चारही घरी जाऊन सांगू शकले असते, ती बाटली फेकून द्या. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्या माणसाला कुणकुण लागली असती आणि तो बाटल्या लपवून मोकळा झाला असता. मला नुसतं खरं ठरायचं नव्हतं. मला त्याचं दुकान उठलेलं बघायचं होतं. मी आठ दिवस गप्प राहिले. त्या आठ रात्री मुलं ओकतच होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

बहिणीच्या नातवाला घेऊन मी त्या खोलीवर गेले. "याला रात्री उलट्या होतात," म्हटलं.

त्याने मोबाइलमधून मान वर केली नाही. पोराच्या पोटाला हातही लावला नाही. "अंगणवाडीत जातो? खिचडी बंद करा. सडका माल शिजवतात त्या बायका. हे औषध दुप्पट द्या, झोपताना."

मी बाटली घेतली, किती द्यायचं ते त्याच्या हातचं लिहून घेतलं आणि तशीच तालुक्याच्या आरोग्य अधिकारी बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी बाटली तपासायला पाठवली. अंगावर शहारा आणणारं काही नव्हतं त्यात. लोहाचं कडक औषध आणि झोप आणणारं आणखी काहीतरी. "एवढं कडक लोह, तेही दुप्पट, आणि वर लगेच झोपायचं. एवढ्याशा पोरांचं पोट उलटणारच," त्या म्हणाल्या. त्या माणसाकडे डॉक्टरकीचा एकही कागद नव्हता.

त्याच्या खोलीला सील लागलं त्या दिवशी मी समोरच्या टपरीवर उभी होते. दोन चहा घेतले. पोलिसांबरोबर बाहेर येताना त्याने मला पाहिलं, आणि ओळखलं. मी नजर हलवली नाही. इतका गोड चहा मी जन्मात प्यायले नव्हते.

आता ती बाई राहिली होती. तांदूळ-डाळीचा अहवाल चांगला आला. तो ग्रामसभेत वाचून दाखवला, त्या दिवशी मी खिचडी शिजवून नेली आणि सगळ्यांसमोर ताट तिच्या पुढे ठेवलं. "खा. सगळं संपव."

ती खाली मान घालून खात होती, डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं. कुणीतरी म्हणालं, "बस झालं, ताई." मी म्हटलं, "अजून थोडी राहिलीय." मला दया आली नाही.

तीन मुलांच्या उलट्या थांबल्या. तिच्या मुलीच्या थांबल्या नाहीत. महिन्याने एका रात्री तिला आठ वेळा उलटी झाली. गाव हसेल म्हणून ती बाई कुणाला बोलली नाही, सकाळी माझ्या दारात आली.

"ताई, औषध तर कधीच बंद केलं. तरी ओकते."

मी म्हटलं, "मग खिचडीच असेल."

ती वळून गेली. त्या दिवशी ती मुलगी अंगणवाडीत आली नाही. दुसऱ्या दिवशी आली, ओठ सुकलेले. तशीच गाणं म्हणायला उभी राहिली. मी बाहेर जाऊन अधिकारी बाईंना फोन लावला. त्यांनी कल्याणच्या एका मुलांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. तिच्या आईने एकटीने कल्याण कधी केलं नव्हतं, म्हणून मी बरोबर गेले.

डॉक्टरांनी तास घालवला, तपासण्या केल्या. म्हणाले, काही मुलांना असे उलट्यांचे फेरे येतात, मधल्या दिवसांत मूल अगदी चांगलं असतं. वाढत्या वयात बहुतेकांचं कमी होतं. झोप वेळेवर, उलटी झाली की घोट घोट साखर-मिठाचं पाणी, आणि फार झालं तर लगेच दवाखाना. "यात कुणाच्या हातचं काही चुकलेलं नाही," असं ते तिला म्हणाले.

परतताना जीपमध्ये मुलगी आम्हा दोघींच्या मांडीवर आडवी झोपली होती. तिची आई हळूच म्हणाली, "ताई, चुकलं माझं."

मुरबाड येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

मुलगी आता शाळेत जाते. वर्षातून एखादा फेरा येतो, तेव्हा तिची आई मला फोन करते. काय द्यायचं, किती द्यायचं, ते मी सगळं सांगते. मग फोन ठेवते.