तापल्या पातेल्यासारखं बाळ

फादर्स डेला नवऱ्याने आम्हाला म्युझियममध्ये नेलं. एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच चित्रकाराने आपल्या शहरातल्या बापांची मनसोक्त टर उडवली होती, ती चित्रं तिथे लावली होती. एकात बाप रडणारं बाळ हात लांब करून धरून उभा होता, फडक्याशिवाय तापलेलं पातेलं उचलावं तसा, आणि तोंड भलतीकडे. मला हसू आवरेना. आमचा नवरोबा मात्र भारावला. "बघ, तेव्हाचे पुरुषही मुलं सांभाळायचे!" म्हणत त्याने फोटो काढून आमच्या मराठी ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'सर्व बाबांना समर्पित.'

"अरे, त्या माणसाची टिंगल केलीय," मी म्हटलं.

"तुला सगळ्यात खोटच दिसते."

ग्रुपवरच्या झाडून सगळ्या बाबांनी हात जोडले. बायका गप्प होत्या. त्यांना चित्र कळलं असणार.

परतताना एमआरटी ट्रेनमध्ये चार वर्षांची लेक त्याच्या मांडीवर झोपली. दोन स्टेशनंही गेली नसतील, तोच त्याने हात लांब करून तिला माझ्याकडे दिलं.

"धर जरा. सगळे कौतुक करतायत, उत्तरं द्यायला नकोत?"