लॉनखालची तारली

"थांबान चलाचा नाय गो बाय," असं म्हणत काका चहाचा कप घेऊनच निघायचे. एका हातात कप, दुसऱ्या हातात कातर. आमच्या रिसॉर्टच्या या माळ्याला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा. नुसतं बघूनच आपल्याला दम लागतो.

मी रिसेप्शनवर. बोलण्यापेक्षा काचेआडून बघणं मला सोपं जातं. काका मात्र रोज काचेवर टकटक करायचे. "बाय, आज वारो खंयसून?" वारा कुठून आहे ते मी फोनमध्ये बघून सांगेपर्यंत ते कुंड्या हलवायला गेलेले असत. खाऱ्या वाऱ्याने पानं करपतात, म्हणून कुंड्यांचीही रोज धावपळ.

एप्रिलमध्ये लॉनवर लग्न ठरलं. लॉन पिवळी पडली होती. मालक म्हणाले, "लग्नाक लॉन हिरवी दिसली, तर तुका कायम करतंय." वर्षानुवर्षं रोजंदारीवर असलेले काका त्या दिवसापासून धावायलाच लागले.

एका सकाळी जेटीवरून तारलीच्या टोपल्या आल्या. काका गवताचे पट्टे उचलून खाली मासळी पसरू लागले.

"काका, हे काय?"

"माडाक खत म्हणान घालतत मां? मग लॉनीक कित्याक नाय?"

"पण माडाला खोल पुरतात ना?"

"खोल पुरूक वेळ खंय आसा?"

"आणि वास?"

"जिरतलो गो मातयेत!"

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाआधी मालवणातली कुत्री हजर झाली. काका एक खड्डा बुजवत, मागे कुत्री दुसरा उकरत. मंडपावर कावळे. नवरीची आत्या नाकाला पदर लावून उभी. फोटोग्राफर ओरडला, "ओ काका, फ्रेममध्ये येताय!"

मालक ओरडले नाहीत. "उद्यापासून येव नको," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी काका आत आले आणि कातर माझ्या टेबलावर ठेवली.

"चहा सांगू?"

"सांग."

आणि ते बसले. अख्खा कप त्यांनी खुर्चीत बसून संपवला. पाय तेवढा सारखा हलत होता.

आता ते गोव्यात कुठल्याशा हॉटेलात आहेत म्हणे.

पावसात लॉनवर गडद हिरवे पट्टे उठले, बरोबर तारली पुरली होती तिथे. मालक पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. एक तांबडं कुत्रं अजून येतं, पट्टे हुंगत फिरतं. नवा माळी त्याला हाकलतो आणि माडाखाली जाऊन बसतो. कुंड्या आपल्या जागी आहेत.

वारा कुठून आहे, ते मी अजून रोज फोनमध्ये बघते.