बॅझिलचे खड्डे

माझा धाकटा भाऊ बॅझिल. वय सदुसष्ट, अक्कल सात. अडतीस उन्हाळे आम्ही दोघांनी डोंगरावरच्या या कुरणात काढले. तो गाई राखतो, मी चीज करते. एवढ्या वर्षांत त्याने माझं एक ऐकलं असेल तर शपथ.

यंदा जूनमध्ये डॉक्टरांनी त्याचा तंबाखूचा पाइप बंद केला. छाती घरघरत होती. वर आल्यावर तीन दिवस हा बाबा गाईंवर खेकसतोय, माझ्यावर खेकसतोय. चौथ्या दिवशी मला असह्य झालं. कुरणातल्या छोट्या चर्चमागच्या उतारावर गेले, गुलाबी फुलांच्या डोंगरी ज्येष्ठमधाचं एक मूळ उपटलं आणि त्याच्या हातात कोंबलं. "हे चघळ, आणि माझं डोकं खाणं थांबव." लहानपणी आम्ही सगळेच ते गोड मूळ चघळायचो. एखादं.

बॅझिलला एखादं म्हणजे काय ते ठाऊक नाही. ऑगस्टपर्यंत उताराची चाळण झाली. ते मूळ खोल जातं, उपटलं की मातीसकट येतं, आणि नवं झाड धरायला वर्षं लागतात. त्या फुलांवर चरलेल्या गाईंच्या दुधामुळे तर आमच्या चीजचं नाव आहे.

"अरे, कुरण खातोयस तू," मी रोज ओरडायचे.

"एकच घेतलं, ताई." हे तोंड भरलेलं असताना.

सप्टेंबरअखेर गाईंचे मालक वर आले. ते दरवर्षी येतात, जमीन चालून बघतात आणि पुढच्या उन्हाळ्यात कुरण कोणाकडे द्यायचं ते उभ्याउभ्याच ठरवतात. आम्हाला दुसरं काम येत नाही, आणि या वयात शिकवणार कोण? उतार बघून त्यांचे मुखिया आंब्रुआज थबकले.

"हे कोणी उकरलं?"

"मार्मोटांनी," बॅझिल म्हणाला. मार्मोट म्हणजे उतारावरच्या बिळांत राहणारे ते गलेलठ्ठ, शिट्ट्या मारणारे प्राणी.

खोटं बरं जमलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"मग सोपं आहे," आंब्रुआज म्हणाले. "पंधरा दिवसांत थंडीभरासाठी झोपी जातील. बिळं खणून एकूण एक काढू. चरबी सांध्यांना चांगली."

बॅझिलचा चेहरा उतरला. या प्राण्यांवर त्याचा भारी जीव. त्यातल्या सगळ्यात जाड्या म्हातारीला त्याने नावसुद्धा ठेवलंय, पेलाजी. म्हणजे माझंच.

मी डोळे वटारले, गप्प बस म्हणून. पण ऐकेल तर तो बॅझिल कसला. त्याने खिशातून मूळ काढलं, चाकूने तासलं आणि सगळ्यांदेखत चघळायला लागला.

"मीच खणलंय. सगळं मीच."

आंब्रुआजांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मग पुढच्या उन्हाळ्यात तू नाहीस, बॅझिल."

मी वाट बघत राहिले. पहिलं मूळ कोणी दिलं हे आता सांगेल, मग सांगेल. गाढव बोललाच नाही. सगळ्या उन्हाळ्यात आला नसेल एवढा राग मला तेव्हा आला.

"पहिलं मी उपटलं होतं," मी म्हणाले. "याला मीच दिलं."

बॅझिल गर्रकन वळला.

"तुला कोणी विचारलं होतं, ताई? चीज तू करतेस. तुला तरी ठेवलं असतं यांनी."