ऐलीने घरी नेलेलं चाक

ऐली कोस्केला चिडली की बोलत नसे, कॉफी ओतत असे. त्या सकाळी माझा कप भरून वाहायला लागला तरी तिचं ओतणं थांबेना. मग म्हणाली, "पेन्टी, पाना घे. हवेच्या व्हॉल्व्हचं चाक काढून दे."

कॅनडातल्या सडबरीजवळच्या आमच्या मिलमध्ये मी फिटर होतो आणि ती फेसाच्या टाक्या सांभाळायची. दळलेला दगड पाण्यात कालवायचा, औषध घालायचं, खालून हवा सोडायची. निकेलचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात, बाकीचा गाळ खाली. पण खाणीच्या नव्या थरातला दगड यायला लागला आणि निकेल गाळातच जाऊ लागलं. सुधारलं नाही तर टाक्यांची ही ओळ बंद, असं फोरमनने सांगून टाकलं होतं. म्हणजे ऐलीची नोकरी गेली, तिच्या नवऱ्याची गेली आणि माझीही.

आमची खोड जुनी. पाळी बदलली की नवा माणूस आधीच्याला शिव्या घालणार आणि हवा, चुना, औषध सगळं आपल्या मनासारखं फिरवणार. मग कशाने काय बिघडलं, कुणाच्या बापाला कळणार? यात सगळ्यात बेकार ऐलीचा नवरा तौनो. जाड फेस दिसला की गडी खूश. त्याबरोबर दगडाची धूळही वर येते, ते गेलं उडत.

ऐलीचं म्हणणं एकच: दळण जाड आहे, जड कण बुडबुड्यांवरून गळून पडतात. दळण बारीक करा आणि बाकी कशाला हात लावू नका. फोरमनने आठवड्याची मुदत दिली. कुणाला हवा फिरवताच येऊ नये म्हणून चाक डब्याच्या पिशवीत घालून ती घरी घेऊन गेली.

"बायकोचा माझ्यावर विश्वास नाही," तौनो सगळ्यांना सांगत सुटला.

"काडीचा नाही," ऐली म्हणाली.

दोन दिवसांनी, तिच्याच पाळीत, फेस बसला. टाक्यांवर नुसतं करडं पाणी. तिचा हात व्हॉल्व्हकडे गेला आणि बोडक्या दांड्यावर थांबला. तिने घरी फोन लावला. तौनोचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"तौनो, चाक घेऊन ये. आत्ता."

"नाही आणणार."

"अरे, फेस बसलाय. ओळ जाईल आपली."

"दळण बदललं की टाक्यांना स्थिरावायला वेळ लागतो, हे कोण म्हणालं? रोज जेवताना डोकं खाल्लंस माझं. आता बस हाताची घडी घालून."

"मी बायको आहे तुझी."

"म्हणूनच नाही आणत."

तिने फोन ठेवला आणि माझ्या खिशातल्या पान्याकडे पाहिलं. पान्यानेही तो दांडा फिरला असता. मागितला असता तर मी दिला असता, मलाही भीती वाटत होती. तिने बादली पालथी घातली, तिच्यावर बसली आणि खरंच हाताची घडी घातली. पाळी संपता संपता बारीक बुडबुडे भरून आले, त्यांच्यावर निकेलच्या कणांची पितळी चमक होती.

आठवडा संपला तेव्हा गाळातलं निकेल कमी झालं होतं. ओळ राहिली. तौनोने चाक आणून माझ्या हातात दिलं, मी पाना काढला. ऐलीने ते माझ्या हातातून घेतलं आणि परत त्याच्याच पिशवीत टाकलं.

"नीट ठेव," ती त्याला म्हणाली. "आणि मी मागितलं तरी देऊ नकोस."