डबल्सच्या रॅकेटी

नागपुरात बायकांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा भरली, तेव्हा रॅकेटींचं गटिंग करायला, म्हणजे त्यांची जाळी विणायला, दोन माणसं ठेवली होती. एक मुंबईहून बोलावलेले गृहस्थ आणि दुसरी मी. स्पर्धेचे व्यवस्थापक कागदावरून नजरही न उचलता म्हणाले, "सिंगल्सवाल्यांच्या रॅकेटी हे बघतील. ज्या नुसत्या डबल्स खेळतात त्यांच्या तुम्ही करा, बाई."

माझं डोकं असं तापलं म्हणता! डबल्स बघायला येतो कोण? पोरींच्या आया आणि सावली शोधत आलेली चार माणसं. पंचवीस वर्षं मी सीताबर्डीवरच्या दुकानात हेच काम करते आहे, आणि मला उरलंसुरलं द्यायचं? पण काम हातचं सोडायचं नव्हतं. म्हटलं, थांब लेका, डबल्स तर डबल्स.

घरी बाबांना सांगितलं. बाबा आयुष्यभर हातमागावर लुगडी विणत आले. माग विकून वीस वर्षं झाली, पण तोरा तसाच. माझ्या कामाबद्दल त्यांचं एकच म्हणणं असायचं, "प्लास्टिकच्या दोरीचं जाळं ते. त्याले का विणकाम म्हणतेत?" खोटं कशाला बोलू, इतक्या वर्षांत मला त्यांच्या तोंडून एकदा 'बरं झालं' एवढंच ऐकायचं होतं.

माझ्या वाट्याला आलेल्या जोडीत एक कोल्हापूरकडची डावखुरी पोर होती आणि एक तिच्याहून वीतभर उंच, पुण्याची. डावखुरीकडे रॅकेटी दोनच. पहिल्या दिवशी माझ्या हातची रॅकेट तिने तळव्यावर आपटली, जाळीला कान लावला आणि म्हणाली, "काकू, आता शेवटपर्यंत तुम्हीच करायचं." आणि बघता बघता त्या दोघी फायनलला पोचल्या की!

फायनलच्या सकाळी मी बाबांना रिक्षात घालून घेऊन आले आणि गटिंगच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. आमच्याकडे नवा ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढले की मागाला हळदकुंकू लावायची रीत. मीही त्या दिवशी मशीनला लावलं. तेवढ्यावर थांबायचं ना! पण हात शिवशिवले. डावखुरीच्या दोन्ही रॅकेटी विणून झाल्या आणि मी मुठीच्या पांढऱ्याशुभ्र पट्टीवरही चिमूट चिमूट कुंकू दाबलं. बाबा मान डोलवत होते, म्हणून मला आणखीच जोर आला.

पहिल्या सेटमध्ये खेळ एकदम थांबला. खिडकीतून बघते तर डावखुरीचा तळहात लालभडक. उन्हाच्या घामात कुंकू विरघळलं होतं! पंच खाली उतरल्या, औषधांची पेटी घेऊन बाई धावत आल्या, हात उलटा करून बघतात, सुलटा करून बघतात, जखम काही सापडेना. अरे देवा! मला धरणीत गडप व्हावंसं वाटलं. हात धुतला, दोन्ही मुठींच्या पट्ट्या बदलल्या आणि खेळ सुरू झाला, पण त्या गडबडीत पोरींनी तो सेट घालवला.

व्यवस्थापक खोलीत आले ते तणतणतच. "काय करून ठेवलं हे बाई? पूजा मांडली का इथं? आता एकाही रॅकेटीले हात लावू नका. पुढचं सगळं हे करतील." मुंबईकर मान खाली घालून बसले होते. बाबांच्या देखत झालं हे सगळं. मी एरवी कोणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण त्या दिवशी ऐकून घेतलं, कारण चूक माझीच होती.

दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला डावखुरीच्या रॅकेटीची तार तुटली. दुसरी रॅकेट घेऊन ती खेळत राहिली आणि तुटलेली खोलीत आली. व्यवस्थापकांनी ती थेट मुंबईकरांच्या हातात दिली. त्यांनी जाळीवरून बोट फिरवलं आणि रॅकेट परत माझ्यासमोर ठेवली.

"ही यांच्या हातची आहे. मधेच हात बदलला तर ताण बदलतो, चेंडू दुसरीकडेच जातो. पोरगी फायनल खेळतेय, साहेब."

खुर्चीतून बाबा बोलले, "अगदी बरोबर. अर्ध्या लुगड्यावर हात बदलला, की तिथं पट्टा दिसते. मी माह्या मागावर कोणाले बसू देत नव्हतो."

व्यवस्थापक तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "मग करा लवकर." मी कात्री घेतली. जुनी जाळी कापून काढली, उभ्या तारा ताणल्या, मग आडव्या, एक वरून, एक खालून. बाहेर टाळ्या वाजत होत्या आणि मी मान वर केली नाही. अठरा मिनिटांत रॅकेट कोर्टाकडे गेली. गाठ मारताना बोट कापलं होतं, ते मला नंतर कळलं.

पोरींनी दुसरा सेट काढला. राहिला निकालाचा, दहा गुणांचा टायब्रेक. डावखुरीने हातातली चालू रॅकेट बाजूला ठेवली आणि माझी नुकतीच विणलेली उचलली. नऊ-आठ असताना उंच पोरीने सर्व्हिस केली, परतलेला चेंडू डावखुरीने नेटजवळ हवेतच गाठला आणि दोघींच्या मधून असा मारला की समोरच्यांच्या रॅकेटी उचलल्यासुद्धा गेल्या नाहीत. जिंकल्या माझ्या पोरी!

घामाने निथळत दोघी खोलीत धावत आल्या. डावखुरीने दोन्ही रॅकेटी टेबलावर ठेवल्या आणि मला मिठी मारली. मी कुंकवाची माफी मागायला गेले तर म्हणाली, "काकू, जाऊ द्या हो!"

बाबा खुर्चीतून उठले. त्यांना आताशा नीट दिसत नाही. सकाळी सवडीने विणलेली रॅकेट त्यांनी डाव्या हातात धरली आणि घाईत विणलेली उजव्या हाताशी ओढली. ताण्याचे धागे तपासायचे तसे नखाने एकीची तार छेडली, कान दिला. मग दुसरीची. पुन्हा पहिलीची.

"दोन्हींचा आवाज एकच आहे," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे तोंड करून, "हात हालला नाही वं तुहा. हे विणकामच आहे."

त्या पोरींसमोर, त्या व्यवस्थापकासमोर मी हमसून हमसून रडले, आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटली नाही.